पायाभूत प्रकल्पांमधील डिजिटल जोडणीचे नियोजन (मूल परिसर)

पायाभूत प्रकल्पांमधील डिजिटल जोडणीचे नियोजन म्हणजे रस्ता, पूल, कालवा, जलवाहिनी किंवा शासकीय इमारत यांचा आराखडा तयार होत असतानाच त्यात ऑप्टिकल फायबर, दूरसंचार मनोरे आणि त्यांचा वीजपुरवठा यांसाठी जागा, नळिका व निधी यांची तरतूद करणे होय. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत या नियोजनाला विशेष महत्त्व आहे. येथे राहून गेलेली तरतूद नंतर करावयाची झाल्यास केवळ खर्च वाढत नाही, तर वनजमिनीवर पुन्हा खोदकाम आणि त्यासाठी नव्या परवानग्या आवश्यक ठरतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्हा मुख्यालयांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ९३० वर वसले आहे. गोंदिया–नागभीड–बल्लारशाह हा लोहमार्गही येथून जातो. त्यामुळे चंद्रपूरकडून वैनगंगेपलीकडे जाणाऱ्या संपर्कमार्गांसाठी हा नैसर्गिक दुवा आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील एक वनपरिक्षेत्र मूल नावाचे आहे. उमा व अंधारी या वैनगंगेच्या खोऱ्यातील नद्या तसेच सिंचनाचे कालवे ओलांडूनच या भागातील वाहिन्या टाकाव्या लागतात.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून निम्म्याहून बराच अधिक भाग वनाच्छादित आहे. वस्त्या विरळ आणि एकमेकींपासून दूर असल्याने दर ग्राहकामागे जोडणीचा खर्च जास्त येतो. केवळ व्यापारी हिशेबावर खासगी कंपन्या अशा भागात क्वचितच येतात, म्हणून जोडणीचा भार प्रामुख्याने सार्वजनिक निधीवर पडतो.

एकदाच खोदकामाचे तत्त्व

फायबर जमिनीखाली टाकण्याच्या खर्चात तारेपेक्षा खोदकामाचा वाटा सामान्यतः मोठा असतो. म्हणून रस्त्याचे काम चालू असतानाच कडेने रिकाम्या नळिका पुरून ठेवाव्यात आणि ठरावीक अंतरावर जोडकामासाठी चेंबर बांधावेत, असे हे तत्त्व सांगते. पुढे केव्हाही रस्ता न फोडता तार ओढता येते. पूल आणि मोऱ्या यांच्या बाबतीत ही तरतूद अधिक निर्णायक ठरते. पुलाच्या पदपथाखाली नळिका ठेवलेली नसल्यास तार कठड्याला बाहेरून बांधावी लागते, आणि पुरात वाहून येणारे ओंडके प्रथम तिलाच तोडतात.

रस्ता रुंदीकरणात जुनी तार तुटणे हीदेखील नियोजनाच्या अभावाची परिचित खूण आहे. विविध विभागांच्या वाहिन्या एकाच नकाशावर आणण्यासाठी १३ ऑक्टोबर २०२१ रोजी पीएम गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखडा सुरू झाला. खोदकामापूर्वी वाहिनीच्या मालकाला सूचना देण्यासाठीचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये उपलब्ध झाले. वाहिन्यांसाठी जागा देण्याची कार्यपद्धती प्रथम २०१६ च्या नियमांनी ठरवली. दूरसंचार अधिनियम, २०२३ अंतर्गत केलेले नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

वनक्षेत्रातील परवानग्या

वनजमिनीचा वनेतर वापर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली येतो. रस्त्याच्या विद्यमान हद्दीत, झाडे न तोडता, २ मीटरपर्यंत खोल व १ मीटरपर्यंत रुंद चरातून भूमिगत तार टाकण्यास केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी सर्वसाधारण मान्यता दिली आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये मात्र त्यातून वगळलेली आहेत. तेथे वन्यजीव मंडळांच्या शिफारशीची स्वतंत्र प्रक्रिया आहे. त्यामुळे मार्ग निवडताना सर्वांत कमी अंतराची रेषा सर्वांत सोयीची असतेच असे नाही. विद्यमान रस्त्याला धरून जाणारा लांबचा मार्ग लवकर पूर्ण होऊ शकतो.

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ते यांच्यासोबत वीज व दूरसंचार वाहिन्यांचाही समावेश आहे. प्रत्येक कामासाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटणार नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर या तरतुदीचा लाभ मिळतो. परिणामी ग्रामसभा ही नियोजनातील पहिली पायरी ठरते, अखेरची औपचारिकता नव्हे.

शासकीय योजना

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे ही योजना भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने राज्यामार्फत अंमलबजावणीचे प्रारूप स्वीकारले आणि महाआयटीद्वारे ‘महानेट’ प्रकल्प हाती घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. त्यात वलयाकार रचनेवर भर आहे. सरळ रेषेत टाकलेली तार एका ठिकाणी तुटली की पुढील सर्व गावे बंद पडतात. वलयात मात्र संदेश विरुद्ध दिशेने फिरून पोहोचतो.

मोबाइल सेवेसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांकरिता ४जी योजना मंजूर झाली. महाराष्ट्र या पाच राज्यांपैकी एक असून गडचिरोली हा आकांक्षित जिल्हा आहे. मनोऱ्याला फायबर नसल्यास तो सूक्ष्मलहरी किंवा उपग्रह दुव्यावर चालतो. सूक्ष्मलहरींना दोन मनोऱ्यांमध्ये अडथळा नसलेली दृष्टिरेषा लागते, जी डोंगर व उंच वृक्षांच्या प्रदेशात सहज मिळत नाही.

सार्वजनिक सेवांवरील परिणाम

स्वस्त धान्य दुकानातील ई-पॉस यंत्र, दूरस्थ वैद्यकीय सल्ला, निवृत्तिवेतनाची बँकिंग सेवा आणि ऑनलाइन दाखले या सर्वांना जोडणी लागते. रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल अ‍ॅपद्वारे हजेरी १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक करण्यात आली. अशा व्यवस्थेत जोडणी खंडित होणे म्हणजे धान्य किंवा मजुरी लांबणे होय. भामरागडजवळील पर्लकोटा नदीला पूर आल्यावर तालुक्याचा रस्ता वारंवार बंद होतो. त्याच रस्त्याने जाणारी एकमेव तारही तुटली, तर मदत मागण्याचे साधन नेमके गरजेच्या वेळी नाहीसे होते.

मर्यादा

ग्रामपंचायतीपर्यंत तार पोहोचणे म्हणजे सेवा सुरू राहणे नव्हे. वीज गेल्यावर चालणारी बॅटरी किंवा सौर संच, तुटलेली तार जोडणारे स्थानिक कुशल मनुष्यबळ आणि देखभालीचा निश्चित निधी यांची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच असावी लागते. ग्रामपंचायत मुख्यालयाबाहेरील पाडे व टोल्यांसाठी अंतिम टप्प्याची जोडणी वेगळी आखावी लागते.

हे सुद्धा पहा

भारतनेट
मूल तालुका
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
गडचिरोली जिल्हा