परदेशी सुरीचे आयात शुल्क
स्वयंपाकाची सुरी परदेशातून आली की शुल्काआधी तिचे वर्गीकरण ठरते. कस्टम्स टॅरिफ कायदा, १९७५ च्या ८२व्या प्रकरणात धातूच्या पात्याच्या सुऱ्या ८२११ या शीर्षाखाली येतात. खाटकाचा सत्तूर ८२१४ मध्ये, तर लोणी लावायची सुरी चमच्यांसोबत ८२१५ मध्ये. सिरॅमिकच्या पात्याला हे प्रकरण लागू नाही.

शिवाजी पार्कच्या एखाद्या घरात विळीशेजारी विसावणारी जपानी सुरी न्हावा शेवा बंदरात उतरली, तर वाहतूक व विमा धरून तिचे मूल्य काढतात. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर साधारणपणे १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या साऱ्या बेरजेवर आयजीएसटी. मूल्य १,००० रुपये आणि मूळ दर १० टक्के धरला, तर आयजीएसटी १,११० रुपयांवर बसतो.