सड्यावरच्या पाण्यातली नवी नावे

२०१४ साली ‘झूटाक्सा’ या प्राणिवर्गीकरणाच्या शोधपत्रिकेत सह्याद्रीतल्या एका रहिवाशाला पहिल्यांदा नाव मिळाले: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. नाव देणारे दोघे, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे डी. ख्रिस्तोफर रॉजर्स आणि पुण्याचे समीर पाध्ये. प्राणी फेअरी श्रिम्पच्या गोतावळ्यातला. म्हणजे कोळंबी, खेकडे, शेवंड आणि जवळा ज्या कवचधारी वर्गात मोडतात त्याच वर्गातला, पण अंगावर कवच नसलेला, जेमतेम बोटाच्या पेराएवढा आणि जवळजवळ पारदर्शक. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांनी बिबटे, वाघ, हत्ती यांच्यावर रकानेच्या रकाने छापले असतील. या प्राण्याची बातमी किती जणांनी वाचली असेल, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही. मला मात्र गेल्या काही वर्षांत सह्याद्रीच्या निसर्गाबद्दल जे काही नवे कळले, त्यात पावसाळी डबक्यांतल्या या बारीक जिवांचा शोध सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

महाबळेश्वर, पाचगणी, कास, ठोसेघर, चाळकेवाडी. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाची ही नावे आपण ऐकतो ती सहलीच्या निमित्ताने. यातली बरीचशी ठिकाणे जांभ्याने मढवलेली पठारे आहेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशा उघड्या कातळाला सडा म्हणतात. खाली सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट, वर त्याच खडकाची युगानुयुगे झीज होऊन बनलेले तांबडे टोपण. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला पाचगणीत तो निम्म्याहून कमी, आणि घाट उतरून वाईत आलो की त्याहूनही कमी. एवढ्या जवळजवळच्या अंतरात पावसाचा असा उतार देशात फार थोड्या ठिकाणी आहे. जूनमध्ये सड्यावरच्या खळग्यांत पाणी भरते, चार महिने कमी-जास्त होत राहते, आणि दिवाळीच्या सुमारास खळग्याच्या तळाशी चिमूटभर माती उरते. एखादे डबके ताटाएवढे, एखादे अंगणाएवढे. त्यात मासा नसतो, आणि असू शकत नाही, कारण आठ महिने तिथे पाणीच नसते.

फेअरी श्रिम्पच्या सगळ्या जगण्याची किल्ली इथे आहे. या प्राण्याकडे स्वतःला वाचवायला काहीही नाही. कवच नाही, नांगी नाही, लपण्याची फारशी अक्कल नाही. पाठीवर उताणा होऊन, पायांच्या अकरा जोड्या लाटेसारख्या हलवत तो संथ पोहतो. त्याच पायांनी पाण्यातले शेवाळाचे कण गाळून खातो आणि श्वासही त्यांच्याच आधाराने घेतो. ज्या पाण्यात मासे आहेत तिथे तो एक दिवस टिकणार नाही. म्हणून जिथे मासे जगू शकत नाहीत तिथे जगायचे, हा मार्ग त्याच्या पूर्वजांनी फार पूर्वी धरला. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी या गावाजवळच्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात लेपिडोकॅरिस नावाच्या, याच शाखेतल्या एका सूक्ष्म प्राण्याचे जीवाश्म सापडले आहेत, आणि तोही उथळ गोड्या पाण्याचाच रहिवासी होता. कवचधारींचा उगम समुद्रात झाला. आजही त्यांच्या साठ हजारांहून अधिक ज्ञात प्रजातींपैकी बहुतेक समुद्रातच आहेत. ही शाखा मात्र समुद्र सोडून डबक्यांत आली आणि डायनोसॉर यायच्या आधीपासून आजपर्यंत टिकली. तिच्यातला एक भाऊबंद, आर्टेमिया, मात्र मिठागरांच्या तीव्र खाऱ्या पाण्यात राहतो, कारण तिथेही मासे नाहीत. मुंबईच्या मिठागरांतल्या आर्टेमियाची नोंद १९५३ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी केली होती. कोळंबी संवर्धनात पिल्लांना जे जिवंत खाद्य देतात ते याच आर्टेमियाचे.

पाणी आटल्यावर काय? मादी पिशवीत जी अंडी वाढवते त्यांतला गर्भ थोडा वाढून थांबतो. भोवती टणक आवरण येते, आणि तो अक्षरशः वाळतो. आर्टेमियावर झालेल्या अभ्यासातून कळले आहे की अशा गर्भात ट्रेहॅलोज नावाची साखर साठलेली असते आणि पाणी गेल्यावर पेशींची रचना ती सांभाळते. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कातळावरच्या मातीत ही विश्रांत अंडी वर्षानुवर्षे पडून राहू शकतात. पहिल्या पावसाने त्यांतली सगळी फुटत नाहीत, आणि ही गोष्ट मला थक्क करते. काही फुटतात, काही पुढच्या सरीची, काही पुढच्या वर्षाची वाट पाहतात. मृगाच्या पावसाने फसवले, डबके आठवड्यात आटले, तरी वंश बुडत नाही. कोरडवाहू शेतकरी सगळे बियाणे एकाच पेरणीत मातीत घालत नाही, तसे. फुटलेली पिल्ले दोन-तीन आठवड्यांत वयात येतात आणि मातीत पुन्हा अंडी जमा होतात.

या मातीच्या ताकदीची एक जुनी गोष्ट आहे, आणि ती सुरू होते नागपुरात. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसारक म्हणून आले, पण दगड, जीवाश्म, कीटक, पाण्यातले जीव, जे दिसेल ते जमवत राहिले. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांतून ब्रिटिश म्युझियमच्या विल्यम बेअर्डने १८५९ मध्ये एका चिमुकल्या, शिंपल्यासारख्या दोन झडपांत राहणाऱ्या प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला हिस्लॉप यांचे नाव दिले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ हिस्लॉप बुडून गेले. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे, त्यांच्या नावाचा प्राणी क्वचितच कुणाला. पुढे नॉर्वेच्या गेओर्ग ओसियन सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या वाळक्या चिखलावर पाणी घातले, आणि त्यातून उगवलेल्या प्राण्यांत हाच हिस्लॉपी त्यांना दिसला. १८८७ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी सायक्लेस्थेरिया हा नवा वंश उभा केला. त्यानंतर सव्वाशे वर्षे सगळे मानत आले की उष्ण कटिबंधात सगळीकडे राहणारी ही एकच प्रजाती आहे. २०१३ मध्ये मार्टिन श्वेंटनर आणि सहकाऱ्यांनी जनुकांची तुलना केली तेव्हा निघाले की बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या एका नावाखाली अनेक प्रजाती आहेत, आणि त्यांच्या वाटा क्रिटेशस काळातच फुटल्या होत्या.

आता प्रश्न असा की या अनेकांतला खरा हिस्लॉपी कोणता? उत्तर एकच: नागपूरचा. ज्या ठिकाणाहून पहिल्या वर्णनाचा नमुना आला ते त्या नावाचे मूळ ठिकाण. पुढे केव्हाही शंका आली तर तिथे जाऊनच ती फेडायची असते. वर्गीकरणशास्त्रात नावाला गाव असते, आणि गाव मोडले तर नाव पोरके होते.

नवी प्रजाती सापडणे आणि तिचे वर्णन होणे यांत मोठे अंतर असते. डबक्यात जाळी फिरवणे हा सगळ्यांत सोपा भाग. नमुना मद्यार्कात टिकवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा प्रत्येक अवयव सुटा करायचा, चित्रे काढायची. स्ट्रेप्टोसेफॅलस वंशात ओळख पटते ती मुख्यतः नराच्या दुसऱ्या शृंगिकेवरून. समागमाच्या वेळी मादीला धरून ठेवण्यासाठी तिचे टोक हातासारखे झालेले असते, त्याला अंगठा असतो, बोट असते, आणि त्यांवरचे दात, खाचा, वळणे प्रत्येक प्रजातीत निराळी असतात. शिवाय विश्रांत अंड्यांच्या आवरणाची नक्षीही पाहावी लागते. मग हे सगळे जगात आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक सख्ख्या-चुलत प्रजातीशी ताडून पाहायचे. त्यासाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे जर्मन, फ्रेंच, लॅटिन निबंध वाचायचे, दूरच्या संग्रहालयांतले नमुने पाहायचे. सह्याद्रिएन्सिसच्या निबंधात आशियातल्या सगळ्या स्ट्रेप्टोसेफॅलस ओळखण्याची किल्लीही दिली आहे ती याचमुळे, कारण नवा कोण हे सांगायचे तर जुने सगळे कोण हे आधी नक्की करावे लागते. शेवटी एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा साक्षीदार, म्हणून संग्रहालयात ठेवला जातो.

साताऱ्याच्या पाण्याकडे अशा नजरेने पाहणारे पूर्वीही होते. १९१२ च्या सुमारास एफ. एच. ग्रेव्हली यांनी वेण्णेच्या खोऱ्यात मेढ्याला आणि कोयनेच्या खोऱ्यात हेळवाक-तळोशीला नमुने गोळा केले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या प्राणिजीवनावर निबंध छापला. त्या लोकांचे लक्ष वाहत्या पाण्यावर होते. वर कातळावर साचलेल्या, चार महिन्यांच्या पाण्याकडे फार उशिरा कुणी पाहिले.

ते पाहिले मुख्यतः पुण्याच्या तरुण अभ्यासकांनी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कल्पना पै आणि मॉडर्न कॉलेजचे हेमंत घाटे यांच्यासारख्या शिक्षकांच्या आधाराने. पाध्ये आणि बेल्जियमचे ज्येष्ठ संशोधक हेन्री ड्युमाँ यांनी २०१४ मध्येच पुण्यातून मोइना हेमंती ही पाणपिसवांची नवी प्रजाती वर्णन केली. नाव घाटे सरांचे. आयुष्यभर विद्यार्थ्यांना डबक्यात वाकून बघायला शिकवणाऱ्या प्राध्यापकाला याहून चांगला मान मला सुचत नाही. त्याच वर्षी वाय. एस. शिंदे आणि सहकाऱ्यांनी उत्तर पश्चिम घाटाच्या पठारांवरच्या ऑस्ट्राकॉडांचा, म्हणजे शिंपलीधारी सूक्ष्म कवचधारींचा, आढावा घेतला. २०१८ मध्ये मिहीर कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी मेगॅडायाप्टोमस मोंटॅनस हा कोपेपॉड, म्हणजे आणखी एक सूक्ष्म कवचधारी, पश्चिम घाटातून जगासमोर आणला. खेकड्यांचा भाग निराळाच, आणि त्यांना प्रसिद्धीही जास्त मिळाली: २०१६ मध्ये समीरकुमार पती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी एकाच निबंधात पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या पाच नव्या खेकड्यांचे वर्णन केले.

या सगळ्यांत नव्या नावांइतकेच मोलाचे मला २०१९ चे एक काम वाटते. कुलकर्णी, पाध्ये, पै आणि सहकाऱ्यांनी कातळावरच्या डबक्यांतल्या कवचधारींची वस्ती कशावर ठरते ते तपासले. पाणी किती दिवस टिकते आणि त्या डबक्याची स्वतःची परिस्थिती काय, यावर तिथे कोण राहणार हे अवलंबून असते, असे त्यातून दिसले. म्हणजे शेजारशेजारची दोन डबकी आपल्याला सारखी दिसली तरी त्यांतली वस्ती सारखी असेलच असे नाही. एक बुजवले तर दुसरे आहे, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आणि डबकी बुजतात. सडा म्हणजे पडीक, उजाड, बिनकामाची जागा, असे सरकारी दप्तरात आणि लोकांच्या मनातही वर्षानुवर्षे बसले आहे. झाड नाही म्हणजे काही नाही, हा समज फार खोल आहे. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्याबरोबर रस्ते आले. पाचगणीच्या टेबललँडवर घोडे आणि घोडागाड्या फिरतात. कासला २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली ती पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून, आणि त्यानंतर फुलांच्या हंगामात तिथे लोटलेली गर्दी सर्वांनी पाहिली. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. उतार, झाडे, बांधकामे यांचा विचार त्यात झाला. टीचभर खोल पावसाळी डबक्याची बाजू मांडायला मात्र तेव्हा त्याच्यातल्या रहिवाशांची नावेही आपल्याकडे पुरेशी नव्हती. आता आहेत. अपर्णा वाटवे यांनी २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाट आणि कोकणातल्या खडकाळ पठारांचा जो आढावा घेतला, त्यात या परिसंस्थेचे संरक्षण कसे करावे याच्या शिफारशी आहेत. त्या अमलात आणायला नवे संशोधन लागत नाही.

फेअरी श्रिम्प फुले देत नाहीत, फोटोत नीट येत नाहीत. त्यांच्यासाठी तिकीट लावता येणार नाही. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा वंश इथलाच आहे, तो दुसरीकडून आणून सोडता येत नाही, आणि त्याची सगळी पुढची पिढी सुट्या, वाळक्या मातीत असते. चाकाखाली दबलेली, मुरूम टाकून झाकलेली किंवा खणून नेलेली ती माती म्हणजे त्या डबक्याचा शेवटच.

येत्या पावसाळ्यात महाबळेश्वरला किंवा कासला जाल तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा, कातळावर चढवू नका. डबक्यात बूट धुऊ नका, प्लास्टिक टाकू नका, कडेला बसून पाच मिनिटे पाण्यात बघा. तुमच्या गावाच्या सड्यावर भराव घालायचा प्रस्ताव ग्रामसभेत आला, तर जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला आधी एक पावसाळा त्या पाण्याची पाहणी करायला सांगा, आणि ती होईपर्यंत मंजुरी देऊ नका.