रिपीटर घेण्याआधी गर्दीचा तास मोजा

चुडावा स्टेशनातल्या व्हीएचएफ संचावर गाडीचा चालक, गार्ड आणि स्टेशन मास्तर एकाच वारंवारितेवर बोलतात. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. पूर्णा-नांदेड मार्गावरच्या लहान स्टेशनाला ते पुरतं, कारण तिथलं बोलणं मोजकं आणि ठरलेलं असतं.

साखर कारखान्याचं तसं नसतं. ऐन हंगामात रात्री गव्हाणीत ऊस कमी पडू लागला की शेतकी विभाग चिटबॉयला गाठायची धडपड करतो. त्याच मिनिटाला वजनकाट्यावरून गाडीअड्ड्याला हाक जाते आणि बॉयलरवरून फिटरला बोलावणं येतं. चॅनेल एकच असेल तर तिघांपैकी दोघे खोळंबतात. मग विक्रेता सांगतो, ‘साहेब, ट्रंकिंग घ्या.’

ट्रंकिंग म्हणजे तिकीट खिडक्यांपुढे वेगवेगळ्या रांगा न लावता एकच रांग लावणं. जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जातो. इथे चॅनेल कुठल्याच विभागाच्या मालकीचा राहत नाही. बटण दाबलं की यंत्रणा मोकळा चॅनेल शोधते आणि त्या गटाचे सगळे संच तिकडे वळवते.

यातला फायदा आकड्यांत बघण्यासारखा आहे. समजा 60 संच आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येकावरून 3 वेळा, दर वेळी 10 सेकंद बोलणं होतं. एकूण बोलणं झालं अर्धा तास. एकाच चॅनेलवर 100 पैकी 50 वेळा थांबावं लागेल. दोन चॅनेल दोन विभागांना निम्मे वाटून दिले तर 25 वेळा. तेच दोन चॅनेल सर्वांना सामाईक ठेवले तर जेमतेम 10 वेळा! डेन्मार्कच्या एरलांग यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी 1917 साली मांडलेलं हे गणित आजही तसंच लागू पडतं.

पण म्हणून मोठी यंत्रणा घेऊ नये. डीएमआर पद्धतीत 12.5 किलोहर्ट्झच्या एका वारंवारितेवर वेळ विभागून दोन संभाषणं चालतात. टिअर-3 ट्रंकिंगमध्ये त्यातली एक जागा नियंत्रणासाठी अडकते. संचांचं बोलणं पकडून पुढे पाठवणारा रिपीटर एकच असेल तर बोलायला उरते फक्त एक, म्हणजे पैसे मोजून तोटा पदरात घेणं. तिथे स्वतंत्र नियंत्रण चॅनेल न लागणारी साधी, जागा सामाईक ठेवणारी व्यवस्थाच बरी. टेट्रा ही मेट्रोसारख्या ठिकाणची गोष्ट; 25 किलोहर्ट्झमध्ये चार संभाषणं देते, पण तिचा खर्च आणि देखभाल तालुक्याच्या कारखान्याला झेपणारी नाही.

खरा पैसा मनोऱ्यावर घालावा. 30 मीटर उंचीवरच्या अँटेनाची रेडिओ-क्षितिजापर्यंतची पोच हिशेबाने 23 किलोमीटरच्या आसपास भरते. उभ्या उसात, कमरेला लावलेल्या संचाला त्यापेक्षा बरीच कमी मिळते. त्यामुळे विक्रेत्याचा संच मागून घ्या आणि सर्वांत लांबच्या गट कार्यालयापर्यंत बोलून बघा.

रिपीटरला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून वारंवारिता आणि परवाना घ्यावाच लागतो. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झची 2018 पासूनची मोकळीक कमी शक्तीच्या, जवळच्या अंतराच्या संचांपुरती आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त संच आणून रिपीटर उभा करणं बेकायदा ठरतं.

कोटेशन मागवण्याआधी हंगामातल्या एखाद्या रात्रीची नोंद ठेवा: कोण कोणाशी बोललं आणि किती सेकंद. तो कागद समोर ठेवूनच विक्रेत्याशी बोलायला बसा.