इंटरनेट व शेतकऱ्याचें दफ्तर

पिंपळे सौदागर हें नांव शेतकीच्या मासिकांत वाचून कित्येक वाचकांस नवल वाटेल. पवना नदीच्या कांठचें हें गांव आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. ज्या रानांत एके काळीं ज्वारी, बाजरी व भाजीपाला होत असे, त्या रानांत आज दहा-दहा, बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत. एका बाजूस हिंजवडीचें संगणकनगर वसलें, दुसऱ्या बाजूस भोसरी-चाकणचे कारखाने वाढले, आणि मध्यें सांपडलेल्या आमच्या गांवीं नांगर थांबला. परंतु गांवच्या साऱ्याच कुटुंबांनीं शेती सोडलेली नाहीं. पुष्कळांच्या जमिनी मावळ, मुळशी, खेड अशा तालुक्यांत आहेत. तेव्हां एक पाय शहरांत व दुसरा बांधावर, अशी आम्हां लोकांची स्थिति आहे.

ह्या स्थितींत एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. जेथें शेत उरलें नाहीं तेथें इंटरनेट भरपूर आहे. जेथें शेत आहे तेथें त्याची वानवा आहे. आणि शेतकऱ्याचें दफ्तर मात्र सगळें इंटरनेटवर गेलें आहे. ह्या विसंगतीचा विचार आमच्या शेतकरी बंधूंनीं व भगिनींनीं करावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि आमचा जन्म गेला महसूल खात्याच्या कारकुनींत. तलाठ्यांनीं भरून आणलेले गांव-नमुने तपासणें हें आमचें कित्येक वर्षें काम होतें. नव्या पिढीसाठीं एवढेंच सांगतों कीं, गांव नमुना सात हा जमिनीवर हक्क कोणाचा तें सांगतो, आणि गांव नमुना बारा हा तींत पीक कोणतें तें सांगतो. पूर्वीं बारा नंबरचा रकाना तलाठ्यानें शिवारांत फिरून भरावयाचा असे. तो कित्येकदां चावडींत बसूनच भरला जाई, हें आम्ही ज्या बाजूस बसत होतों त्या बाजूनें कबूल केलें पाहिजे. म्हणून ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, व शेतकऱ्यानें स्वतःच्या शेतांत उभें राहून, स्वतःच्या मोबाइलवर पिकाचें छायाचित्र घेऊन नोंद करावी असें ठरलें, तेव्हां आम्हांस समाधानच वाटलें. ज्याचें पीक त्यानेंच तें सांगावें, ह्यांत न्याय आहे.

परंतु पुढच्याच वर्षीं, म्हणजे सन २०२२ च्या खरिपांत, आम्हांस जो अनुभव आला तो सांगण्यासारखा आहे. मावळांत डोंगराच्या कुशींत आमचीं थोडीं भातखाचरें आहेत. नोकरीमुळें आम्हांस वेळेवर जाणें झालें नाहीं, म्हणून वाडींतील एका तरुणास नोंद करावयास सांगितलें. शेजारच्या खाचराचे मालक वयस्क. त्यांच्यापाशीं तसला मोबाइल नव्हता. त्यांसही आम्हींच सल्ला दिला कीं, आपलीही नोंद ह्याच्याकडूनच करून घ्या. तरुणानें शेतावर जाऊन छायाचित्रें घेतलीं, माहिती भरली, आणि काम झाल्याचा निरोप धाडला. तो खोटें बोलला नाहीं. परंतु खाचरांच्या तिन्ही बाजूंस डोंगर, तेथें रेंज नाहीं. अशा वेळीं नोंद मोबाइलांत साठून राहते व रेंजमध्यें आल्यावर ती पुढें पाठवावी लागते, हें त्यास ठाऊक नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही ठाऊक नव्हतें. पुढें तो चाकणला कामास लागला, मोबाइल बिघडला, आणि मुदत टळली.

त्या ऑक्टोबरांत परतीच्या पावसानें कापणीस आलेलें पीक लोळलें. लोंब्या पाण्यांत पडून त्यांस कोंब फुटले. पंचनाम्याची वेळ आली तेव्हां आमच्या सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा निघाला. आयुष्यभर दुसऱ्यांचे रकाने तपासणाऱ्या कारकुनाची ही गत! आम्हीं अर्ज केले, हेलपाटे घातले. त्या हंगामापुरतें हातीं कांहीं लागलें नाहीं. पंचनाम्यास आलेल्या माणसांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्या पुढ्यांतील दफ्तरांत आमचें पीक नव्हतें. शिवाय आमचें पोट पगारावर चालत होतें. परंतु शेजारच्या गृहस्थांचें वर्षाचें धान्य त्याच खाचरांतून यावयाचें असे. त्यांचाही रकाना कोरा निघाला, आणि त्या सालीं त्यांस जोडींतला एक बैल विकावा लागला. ते आम्हांस एका शब्दानेंही बोलले नाहींत. त्यांनीं बोल लाविला असता तर बरें झालें असतें, असें आम्हांस अद्यापि वाटतें.

आतां हा प्रश्न आमच्या एका वाडीचा आहे कीं देशाचा आहे, हें पाहूं. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें खुलें केलें. तेंही आरंभीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास अशा शहरांपुरतें. तें टेलिफोनच्या तारेवरून येई, सावकाश चाले व महाग पडे. पुढें मोबाइल आले. सन २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ कंपनीनें अत्यंत स्वस्त दरानें सेवा सुरू केली, इतर कंपन्यांसही दर उतरवावे लागले, आणि जी वस्तु कचेरींत पाहावयास मिळे ती गुराख्याच्या खिशांत आली. मार्च २०२४ अखेर देशांत इंटरनेटचे सुमारें ९५ कोटि ४४ लक्ष ग्राहक होते. त्याच वर्षीं एप्रिलांत देशांतील ६,४४,१३१ गांवांपैकीं ६,१२,९५२ गांवांत, म्हणजे शेंकडा ९५ गांवांत, मोबाइलवर इंटरनेट मिळत होतें. ही वाढ लहान नव्हे, आणि तिचें श्रेय ज्यांस द्यावयाचें त्यांस दिलें पाहिजे.

तथापि आंकडे तपासण्याची आमची जुनी खोड आहे. त्या ९५ कोटींत ग्रामीण ग्राहक सुमारें ३९ कोटि ८३ लक्ष, म्हणजे शेंकडा ४२ होते. आणि सन २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांतील शेंकडा ६९ लोक खेड्यांत राहतात. शिवाय गांवांत रेंज असणें निराळें व शिवारांत असणें निराळें. देवळापुढें रेंज मिळाली म्हणजे गांवाची गणना होऊं शकते. पीकपाहणी मात्र देवळापुढें होत नाहीं, ती बांधावर होते.

हें असें कां होतें, तें कालव्याच्या उदाहरणानें चट्कन ध्यानांत येईल. समुद्रतळावरून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागतात. तें आपलें धरण समजावें. तेथून कांचेच्या बारीक तंतूंची तार जमिनीखालून शहरोशहरीं जाते. तो मुख्य कालवा. पुढें ती टॉवरापर्यंत किंवा ग्रामपंचायतीपर्यंत जाते, ती चारी. टॉवरापासून मोबाइलपर्यंत लहरी हवेंतून येतात, ती पोटचारी. कालवा कितीही मोठा असला तरी पोटचारी नसेल तर शेत कोरडेंच राहतें. ह्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात; मध्यें डोंगर आला कीं त्या अडतात. टॉवर उभारण्याचा खर्च ग्राहकांच्या संख्येवर वसूल व्हावयाचा असतो. म्हणून पिंपळे सौदागरांत एका इमारतीचे शेंकडों ग्राहक मिळत असतां पांच-पन्नास उंबऱ्यांच्या वाडीकडे कंपनीचें पाऊल सहसा वळत नाहीं. टॉवर असला तरी वीज गेली व बॅटरी संपली कीं तो मुका होतो. रस्ता खोदतांना तार तुटली तर ती जोडली जाईपर्यंत वाट पाहणें आलें.

ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याचा बेत केंद्र शासनानें ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर केला. सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती जोडावयाच्या, असा तो संकल्प होता. त्यासच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. ऑगस्ट २०२३ मध्यें त्याची सुधारलेली योजना सुमारें १ लक्ष ३९ हजार कोटि रुपये खर्चाची मंजूर झाली. काम मोठें आहे, वेळ लागणारच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तार कोठवर गेली हें मोजतां मोजतां ती रोज चालते कीं नाहीं हेंही मोजलें जावें. मेळघाटांतील हरिसाल हें गांव सन २०१६ मध्यें डिजिटल गांव म्हणून गाजलें. तेथील सोयी चालत नसल्याच्या तक्रारी सन २०१९ च्या निवडणुकींत जाहीर सभांतून ऐकूं आल्या. विहीर खणणें एक व ती दरसाल उपसणें एक.

ह्याच्या उलट एक उदाहरण आपल्या सहकारी चळवळींतील आहे. तात्यासाहेब कोरे ह्यांनीं ज्या वारणा खोऱ्यांत सहकाराचा पाया घातला, तेथें सन १९९८ मध्यें कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना निघाली. केंद्र शासन, राज्य शासन व वारणेच्या सहकारी संस्था ह्यांनीं मिळून ती चालविली. हेतु फार मोठे होते: बाजारभाव, शेतीची माहिती, सरकारी कागद, सर्वच गांवांत मिळावें. कांहीं वर्षांनीं आढळून आलें कीं, शेतकरी त्या संगणकावर मुख्यतः एकच गोष्ट पाहतो. ती म्हणजे आपल्या उसाचें वजन किती भरलें, खत किती उचललें व येणें किती निघतें. संगणकांची देखभालही खर्चाची होती. म्हणून सन २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधकांनीं तेथील कांहीं गांवांत हेंच काम साध्या मोबाइलवरील लघुसंदेशानें करून दाखविलें. ह्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. शेतकऱ्यास इंटरनेट प्रथम हवें असतें तें आपल्या हिशेबासाठीं. आणि तें काम जेव्हां त्याच्या स्वतःच्या संस्थेच्या दारांत, ओळखीच्या व जबाबदार माणसाच्या हातून होतें, तेव्हां त्याचा त्यावर विश्वास बसतो.

आज हा हिशेब पूर्वींपेक्षां फार वाढला आहे. पिकाची नोंद, पीकविमा, पी. एम. किसानचे वर्षास मिळणारे ६,००० रुपये, सन २०२५ पासून राज्यांतील शेतकी योजनांस लागणारा शेतकरी ओळख क्रमांक, ह्या सर्वांचा दरवाजा मोबाइलांतून उघडतो. सोय झाली आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या उताऱ्यासाठीं पूर्वीं दिवस मोडून तालुक्यास जावें लागे तो अंकीय सहीचा सातबारा आज १५ रुपयांत घरीं मिळतो. परंतु किल्ली कोणाच्या हातीं आहे? कित्येक घरीं बापाच्या खात्यास मुलाचा नंबर, बायकोच्या खात्यास नवऱ्याचा नंबर, आणि दोघांच्याही खात्यास दुकानदाराचा नंबर जोडलेला आम्हीं पाहिला आहे. सन २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, इंटरनेट कधीं तरी वापरलें असें सांगणाऱ्या स्त्रिया शेंकडा ३३ व पुरुष शेंकडा ५७ निघाले. सातबाऱ्यावर बाईचें नांव लागलें, पण परवलीचा आंकडा दुसऱ्याच्या मोबाइलवर येतो, तर तो हक्क अर्धाच म्हटला पाहिजे. पूर्वीं आपण तलाठ्याच्या दफ्तरापुढें हात जोडून उभे राहत होतों; आतां मोबाइलवाल्यापुढें उभे आहों. सावकार बदलला, कर्ज तेंच.

तेव्हां आमच्या सूचना अशा आहेत. पहिली सूचना आपल्या संस्थेस. पीकपाहणीची मुदत संपण्याच्या निदान आठ दिवस आधीं प्रत्येक गांवीं एक दिवस ठरवावा. त्या दिवशीं संस्थेच्या कचेरींत, जेथें रेंज आहे तेथें, सभासदांनीं आपले मोबाइल घेऊन यावें, व प्रत्येकाची नोंद दफ्तरांत पोहोंचली कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहून साध्या वहींत टिपावें. छायाचित्र घेतलें म्हणजे नोंद झाली असें समजूं नये. ह्या कामीं गांवांतील एक तरुण व एक तरुणी तयार करावी. मात्र त्यांनीं शिकवावें, कुलूप-किल्ली आपल्यापाशीं ठेवूं नये.

दुसरी सूचना शेतकरी बंधु-भगिनींस. आपल्या खात्यास आपलाच नंबर जोडावा, आणि आलेला आंकडा कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगूं नये. फसवणूक झालीच तर लाज न धरतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें.

तिसरी सूचना ग्रामसभांस. रस्ता व पाणी ह्यांसाठीं जसे ठराव होतात तसेच वाडी-वस्तीच्या रेंजसाठीं व्हावे, आणि ग्रामपंचायतींत आलेली तार किती दिवस चालली व किती दिवस बंद होती ह्याची नोंद दर सभेंत वाचली जावी.

चौथी सूचना आमच्या जुन्या खात्यास, जिव्हाळ्यानें. मुदतीनंतर राहिलेल्या नोंदी सरकारी यंत्रणेनें भरावयाच्या असतात. पण तें कितपत साधतें हें आम्ही जाणतों. जेथें रेंज नाहीं अशा शिवारांची यादी करून तेथें मुदत वाढवावी व कागदी अर्जाची वाट उघडी ठेवावी. यंत्राच्या उणिवेचा दंड शेतकऱ्यास होऊं नये.

गेल्या खरिपांत आम्ही शेजारच्या त्या गृहस्थांस बरोबर घेऊन खाचरांवर गेलों. छायाचित्र त्यांनीं स्वतः घेतलें. मग दोघे टेकडी चढून रेंजमध्यें आलों, आणि नोंद पोहोंचल्याचा मजकूर दिसेपर्यंत तेथेंच थांबलों. त्यांनीं तो दोनदां वाचावयास लाविला, व मग म्हणाले, "आतां कागदावर हाय ना आपलं भात?" आम्हीं होय म्हटलें. ह्या प्रश्नास प्रत्येक बांधावरून असेंच उत्तर देतां येईल, त्या दिवशीं इंटरनेट शेतकऱ्यापर्यंत पोहोंचलें असें आम्ही समजूं.