पाय उचलला की ब्रेक लागतो

जुलैत कोकणात भातलावणी सुरू झाली की शेतातून वर येणारे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर चाकांचा चिखल डांबरावर सोडत जातात. त्यावर रिमझिम पाऊस पडला की होणारा तांबडा थर दिसायला किरकोळ, पण गाडी घसरवायला पुरेसा असतो. सावलीतल्या रस्त्यावर शेवाळ धरतं ते आणखी वेगळंच. हा धोका पेट्रोलच्या गाडीलाही आहे. इलेक्ट्रिक गाडीत फरक एवढाच, की चालकाने ब्रेकला पाय लावण्याआधीच ब्रेक लागलेला असतो.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट कामाला लागते. आता चाकं तिला फिरवतात, ती जनित्र बनते, वीज बॅटरीत जाते आणि गाडी मंदावते. हेच ते ‘रीजन’, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग. ते किती जोरात लागावं याची पातळी चालकाला निवडता येते. ते सर्वांत वरच्या पातळीवर ठेवलं, तर काही गाड्यांचा वेग गुरुत्वीय त्वरणाच्या पाचव्या हिश्शाइतक्या दराने घटतो. आकडा लहान वाटतो. पण एकच मोटर असलेल्या गाडीत ही ओढ दोनच चाकांवर येते, आणि त्या चाकांवर गाडीचं जेमतेम निम्मं वजन असतं. म्हणजे तेवढं रीजन पेलायला त्या दोन टायरांना ०.४ घर्षणांक, म्हणजे रस्त्यावर तेवढी पकड, हवा. कोरड्या डांबरावर तो ०.७ च्या आसपास मिळतो, ओल्या डांबरावर ०.४ ते ०.५, चिखलाच्या थरावर तो ०.२ पर्यंतही उतरतो. तेव्हा चिखलात ब्रेक न दाबता, नुसता पाय उचलूनही चाक सरकू शकतं.

वळणावर हे आणखी महागात पडतं. टायरची पकड महिन्याच्या ठरलेल्या पगारासारखी आहे. वळायला खर्च केली की थांबायला तेवढी कमी उरते. नेक्सॉन ईव्हीसारख्या, मोटर पुढे असलेल्या गाडीत वळणं आणि रीजन दोन्ही पुढच्याच टायरांवर येतं. पकड संपली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. महिंद्राच्या बीई ६ सारख्या गाडीत मोटर मागे असते. तिथे पकड सुटली तर शेपूट बाहेर फेकलं जातं.

अर्थात गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स हे सारं पाहत असते. चाक सरकतंय असं दिसताच संगणक रीजन कमी करतो, आणि मोटरवर त्याचा ताबा हायड्रॉलिक ब्रेकपेक्षा चपळ असतो, हे मान्य केलं पाहिजे. पण हा बदल चालकाला जाणवू शकतो. २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि इतर हायब्रीड मिळून चार लाखांहून अधिक गाड्या जगभरातून परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा जागी होताना क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो, अशी चालकांची तक्रार होती. दुरुस्ती केली ती सॉफ्टवेअरमध्ये. सॉफ्टवेअर हाताशी असलेली पकड नीट वाटून देतं. नसलेली पकड ते आणणार कुठून?

आणि पकड कमी असली की अंतर वाढतं. ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला ०.७ घर्षणांकावर सुमारे २० मीटर लागतात, ०.२ वर ७० मीटर. त्याआधी चालकाला भान यायला एक सेकंद गेला, तर आणखी १७ मीटर. ताशी ४० वर मात्र त्याच चिखलात ३२ मीटर पुरतात. ‘बॅटरीमुळे गाडी जड, म्हणून रस्त्याला धरून बसते’ हे समाधान खोटं आहे. वजनाने पकड वाढते, पण थांबवायची ऊर्जाही तेवढीच वाढते.

घाटात वेगळीच गंमत होते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली येते. माणसांसह १७०० किलोच्या गाडीची त्यात सुमारे साडेपाच युनिट ऊर्जा मोकळी होते. हवा आणि टायर काही खातात, उरलेली एरवी बॅटरीत जाते. पण वरच १०० टक्के चार्जिंग केलं असेल, तर बॅटरीत जागाच नसते. मग रीजन आपोआप क्षीण होतं, आणि पाय उचलल्यावर गाडी आपसूक मंदावेल असं गृहीत धरणारा चालक ओल्या उतारावर फसतो. सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, आणि रोजच्या रीजनमुळे त्यांचा वापर कमी झाल्याने पावसाळ्यात डिस्कवर गंज चढलेला असू शकतो.

अपघातानंतर ‘गाडीने स्वतःच ब्रेक मारला’ हे कारण मला पटत नाही. मोटार वाहन अधिनियमाचं कलम १८४ धोकादायक वेग ठरवताना त्या जागेचं स्वरूप आणि स्थितीही विचारात घ्यायला सांगतं. चिखल आहे म्हणून वेग कमी करणं हे चालकाचं काम आहे, रीजनची पातळी निवडणंही त्याचंच. ती खाली ठेवल्याने फार काही बुडत नाही. ताशी ६० वरून थांबताना सगळी ऊर्जा बॅटरीत गेली, तरी तिच्यावर छताचा साधा पंखा जेमतेम तासभर चालेल.

तेव्हा सपाट, निसरड्या रस्त्यावर रीजन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा आणि ब्रेक हलक्या पायाने दाबा. घाट उतरताना मधली पातळी घ्या; वेग वळणाआधी कमी करा, वळणात पाय झटक्याने उचलू नका. आणि घाटमाथ्यावर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.