बुलेट तेल फेकते म्हणून लगेच इंजिन उघडू नका

आजचा विषय छोटा आहे, पण त्यापायी आपल्या भागातल्या बऱ्याच पोरांनी विनाकारण रिंग-बोअरचं काम करून घेतलंय. मागच्या उन्हाळ्यात मुर्तिजापूरकडचा एक मुलगा माझ्याकडे आला. गाडी 2014 ची बुलेट 350, कार्बोरेटरवाली. हौसेनं एअर क्लीनरचा मूळ डबा काढून त्यानं शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला होता. डबा गेला, तशी डब्यात येणारी ब्रीदरची नळी अनाथ झाली. ती कोणीतरी चेनच्या बाजूला खाली सोडून दिली. पुढे मागचं टायर तेलकट व्हायला लागलं, पिकअप पडला, आणि अॅक्सिलरेटर सोडला की सायलेंसरमधून फटाके. "सर, मेकॅनिक म्हन्ते इंजन गेलं, खोलाच लागन." मी म्हटलं, "थांब ना बाप्पा, आधी पाहू तर दे."

आता ही ब्रीदरची नळी असते कशासाठी? या इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, म्हणजे 346 सीसी. पिस्टनच्या वर काय चालतं ते आपल्याला माहीत असतं, पण खाली काय चालतं याचा विचार कोणी करत नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली तेवढीच हवा दाबतो, वर जातो तेव्हा ओढतो. 3000 आरपीएमला हे सेकंदाला 50 वेळा होतं. शिवाय रिंगांच्या फटीतून जळालेला थोडा वायू खाली झिरपतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर पडायला वाट नको? ती वाट म्हणजे ब्रीदर. ती बंद पडली की दाब दुसरीकडून वाट काढतो, ऑइल सीलमधून, गॅस्केटमधून. मग इंजिन घामेजल्यासारखं दिसतं आणि मालक घाबरतो.

कंपनीनं ती नळी एअर क्लीनरच्या डब्यात सोडली, कारण तेलाचे थेंब तिथे खाली बसतात आणि वायू परत इंजिनात जाऊन जळतो. म्हणजे तो डबा फिल्टरचं घरही आहे आणि तेल गाळायची जागाही. तुम्ही काढता एक वस्तू, पण कामं बंद पडतात दोन.

आणि हे आपल्या वऱ्हाडात जास्त महाग पडतं. अमरावती–अकोला रस्त्यावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरणाचा विक्रम झाला. त्याआधी कित्येक वर्षं आपण त्या रस्त्याची धूळ खाल्ली. हायवे सुधारला, पण गावात शिरायचा पांदण रस्ता तोच आहे, आणि जिनिंगजवळून गेलात तर हवेत रुईचे तंतू. उघडा फिल्टर हे सगळं अंगावर घेतो. त्यात ब्रीदरचं तेल लागलं की धुळीचा चिखल होतो. फिल्टर नीट बसला नसेल तर बारीक रेव सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. रिंगा घासल्या की जास्त वायू खाली उतरतो, ब्रीदर जास्त तेल फेकतो. एकदा हे चक्र सुरू झालं की मात्र इंजिन खरंच खोलावं लागतं. म्हणून ते सुरू झालंय की नाही, हे आधी ओळखायचं.

मी त्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, "ऑइल टाकलं तेव्हा गाडी कोणत्या स्टँडवर होती?" साइड स्टँडवर! या इंजिनात तेल पाहायची काच उजव्या बाजूला असते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेल तिकडे जातं, काचेत कमी दिसतं. पोरगं ओततंय आपलं. गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिन थोडं चालवून बंद केलं, काही मिनिटं थांबलो आणि पाहिलं, तर काच वरपर्यंत भरलेली. जास्तीचं तेल क्रँक घुसळणार आणि ब्रीदर बाहेर फेकणार, यात इंजिनाचा काय दोष? तेल कमी केलं, अर्धं दुखणं तिथंच संपलं.

मग नळी. ती टाकीखाली, सीटखाली कुठे दबली आहे का, मुरगळली आहे का, हे हातानं चाचपत जायचं. जुन्या, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरच्या बुलेटला ब्रीदरवर बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. इंजिनाच्या बाजूनं फुंकर मारली तर हवा जायला पाहिजे, उलट बाजूनं नाही. हे रबर कडक झालेलं किंवा उलटं बसवलेलं मी अनेकदा पाहिलंय. त्या जुन्या गाडीची आणखी एक खोड आहे. महिनाभर उभी राहिली तर टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि पहिल्याच किकला ब्रीदरमधून भसकन बाहेर येतं. तोही बिघाड समजू नका.

हिवाळ्यात नळीत पांढरी-पिवळी साय दिसते. एकानं मला सांगितलं, हेड गॅस्केट फुटून पाणी तेलात आलं. अरे, या इंजिनाला हवेनं थंड करतात, पाणी येणार कुठून? घर ते दुकान, दुकान ते घर अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही, आतला दमटपणा तेलात मिसळतो. एकदा बडनेऱ्यापर्यंत सलग चालवून आणा, जाते.

आता रिंगांचा खरा निकाल. कॉम्प्रेशन मोजा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्या. कमी आकडा वाढलाच नाही तर संशय व्हॉल्व्हवर. या मुलाच्या गाडीचं पहिलंच कॉम्प्रेशन ठणठणीत होतं, तेल टाकूनही फारसं वाढलं नाही. रिंगा शाबूत!

पण फिल्टरमागच्या रबराच्या आत पांढरं फडकं फिरवलं, तर काळ्या मातीची बारीक धूळ निघाली. शंकूची क्लिप ढिली होती. ही फडक्याची परीक्षा पैसे न लागणारी आहे, महिन्यातून एकदा कराच. आतून फडकं मळलं तर फिल्टर कितीही भारी असो, तो गळतो आहे. फटाक्यांचं कारणही इथेच. हवा वाढली, जेट मात्र जुनाच. मिश्रण पातळ झालं. प्लग काढला तर पांढराफटक. मेच्या उन्हात अकोल्यात अशी गाडी चालवणं म्हणजे पिस्टनची परीक्षा पाहणं.

उघडा फिल्टर ठेवायचाच असेल तर मेन जेट मोठा करावा लागेल. ब्रीदरची नळी एका डबीत सोडावी लागेल, आणि त्या डबीला वर हवा जायची वाट, खाली तेल काढायची सोय हवी. नळी आधी वर चढवून मग खाली आणायची, मूळ नळीपेक्षा बारीक वापरायची नाही. आणि डबीचं तोंड टायर आणि सायलेंसरपासून लांब. माझं मत विचाराल तर एवढ्या खटाटोपापेक्षा मूळ डबा बरा. आवाज बदलतो एवढंच, ताकद फारशी मिळत नाही.

एक चिठ्ठी आली आहे. "चिखलदऱ्याला चढताना गाडी दमते, तेव्हा फिल्टर काढून चालवू का?" नाही. चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास आहे, तिथे हवाच विरळ, गाडी थोडी कमी ओढणारच. फिल्टर काढून हवा दाट होत नाही. परतवाड्यात थांबलात तर डब्याच्या तळाशी तेल साचायची नळी असते, तिचं बूच काढून रिकामी करा. भरून गेली असेल तर तेच तेल चढावर फिल्टरला लागतं.

तो मुर्तिजापूरचा मुलगा? त्यानं जुना डबा पुन्हा बसवला. भंगारात दिला नव्हता, घरी माळ्यावर पडला होता.