शत्रूसाठीही जोडलेले हात

आज नाताळ. प्रभू येशूच्या जन्मोत्सवानिमित्त ठिकठिकाणच्या ख्रिस्तमंदिरांत घंटा वाजतील, मेणबत्त्या उजळतील आणि जगात शांती नांदावी म्हणून गुडघे टेकले जातील. पण शांतीची ही मागणी शतकानुशतके चालू असूनही युद्धे काही थांबलेली नाहीत. पहिल्या महायुद्धात तर जर्मन सैनिकाच्या कमरपट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्या बाजूला आहे’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती आणि समोरच्या खंदकातला इंग्रज सैनिक त्याच देवाला आळवीत होता. मग युद्धकाळी भक्ताने मागावे तरी काय? स्वतःचा विजय? शत्रूचा नाश? या प्रश्नाचा विचार करताना आमचे मन इंग्लंडमधील कॉव्हेंट्री नगरीकडे वळते.

१४ नोव्हेंबर १९४० ची रात्र. कार्तिकी पौर्णिमेचे चांदणे पडले होते. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपमाळा उजळण्याची ती वेळ. त्याच चांदण्यात जर्मन विमाने कॉव्हेंट्रीवर चालून आली. रात्रभर बॉम्बवर्षाव झाला. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मध्ययुगात बांधलेले सेंट मायकेलचे भव्य कॅथीड्रलही पेटले. मुख्य धर्माधिकारी रिचर्ड हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी छपरावर चढून आगीशी झुंजले. पण पाणी संपले आणि आग आवरेना. सकाळी पाहतात तो छप्पर कोसळलेले, आत राखेचा ढीग. उभ्या होत्या त्या केवळ बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा.

त्या ढिगाऱ्यात छपराच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर क्रूसाच्या आकारात पडलेल्या एका गवंड्याला दिसल्या. त्याने त्या तशाच बांधून उभ्या केल्या. छपरातून गळून पडलेले जुने लोखंडी खिळे सर्वत्र विखुरले होते. एका धर्मगुरूने त्यांतले तीन उचलून त्यांचा लहानसा क्रूस केला. ख्रिस्तभक्तांच्या दृष्टीने खिळ्यांना फार मोठा अर्थ आहे. येशूचे हातपाय खिळ्यांनीच ठोकले गेले आणि त्या वेदनेतही त्याने ठोकणाऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागितली, अशी बायबलातील कथा आहे.

हॉवर्ड यांनी त्याच प्रार्थनेचा आधार घेतला. त्यांच्या इच्छेनुसार भग्न वेदीमागील भिंतीवर ‘पित्या, क्षमा कर’ एवढीच अक्षरे पुढे कोरण्यात आली. बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानी येते की, यात ‘त्यांना’ हा शब्द नाही. बॉम्ब टाकणारे तेवढे पापी आणि आम्ही निर्दोष, असा भेद या प्रार्थनेत उरत नाही. क्षमेची गरज सर्वांनाच आहे, मागणाऱ्यालाही आहे. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी त्या भग्नावशेषांतून आकाशवाणीवर बोलताना हॉवर्ड यांनी सूडाची भावना मनातून काढून टाकण्याचे आवाहन केले. शहराच्या जखमा अजून ओल्या होत्या. ज्या घरातले माणूस नुकतेच पुरले गेले होते, त्या घराला हे शब्द किती जड गेले असतील! मृतांशी ही प्रतारणा तर नव्हे, असेही कुणाच्या मनात आले असेल. तो प्रश्न खोटा नाही. म्हणूनच क्षमा म्हणजे अन्यायाचा विसर नव्हे, हे कॉव्हेंट्रीने कृतीने दाखविले. पडक्या भिंती पाडल्या नाहीत. त्या तशाच राखल्या आणि त्यांना लागूनच नवे कॅथीड्रल उभारले. त्याचे समर्पण २५ मे १९६२ रोजी झाले.

१९५८ साली येथे समेटाची एक प्रार्थना रचली गेली. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता भग्न मंदिरात ती म्हणण्याचा प्रघात पडला. राष्ट्राराष्ट्रांतील द्वेष, दुसऱ्याच्या धनाची अभिलाषा, कष्टकऱ्यांची आणि भूमीची पिळवणूक, मत्सर, निराधार व निर्वासितांविषयीची बेपर्वाई, वासना आणि गर्व या एकेका दोषाचा उच्चार होतो आणि प्रत्येकामागून जमलेले भाविक तीच क्षमायाचना करतात. आपल्या षड्रिपूंची आठवण व्हावी असेच हे आहे. युद्धाचे मूळ रणांगणात नसून माणसाच्या अंतःकरणात आहे, ही जाण दोन्हीकडे एकच.

प्रार्थनेने लगेच युद्ध थांबले का? नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन शहर जाळले. सुमारे पंचवीस हजार लोक प्राणास मुकले. पण पुढे जे घडले ते प्रार्थनेचेच फळ म्हणावे लागेल. १९६१ मध्ये जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत येऊन भग्नावशेषांत श्रमदान करून गेले. १९६५ मध्ये इंग्रज तरुण ड्रेस्डेनला गेले आणि बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या तेथील रुग्णालयाच्या उभारणीस त्यांनी हातभार लावला. ड्रेस्डेनचे प्रसिद्ध फ्राउएनकिर्शे हे मंदिर पुन्हा उभे राहून २००५ मध्ये खुले झाले. त्याच्या शिखरावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमधून भेट आला आहे. तो घडविणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी होते. पित्याने आकाशातून आग टाकली, पुत्राने त्याच आकाशात क्रूस चढविला!

आणखी एका नाताळची कथा येथे सांगावीशी वाटते. १९४२ साली स्टालिनग्राडच्या वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्यात कुर्ट रॉयबर नावाचे धर्मगुरू डॉक्टर म्हणून सेवा करीत होते. नाताळसाठी त्यांनी एका रशियन नकाशाच्या पाठीवर कोळशाने चित्र काढले: आपल्या वस्त्रात बाळाला लपेटून घेतलेली माता. भोवती प्रकाश, जीवन आणि प्रेम या अर्थाचे शब्द लिहिले. थंडीने व भुकेने गांजलेले सैनिक त्या चित्रापुढे स्तब्ध उभे राहिले. रॉयबर १९४४ मध्ये रशियन कैदेतच वारले. चित्र मात्र मायदेशी पोहोचले होते. आज मूळ चित्र बर्लिनमध्ये आहे आणि त्याच्या प्रतिकृती कॉव्हेंट्रीत व व्होल्गोग्राडमध्ये, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडमध्येच आहेत. एकमेकांवर तुटून पडलेल्या तीन राष्ट्रांत एकच माता पूजिली जाते.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा तेवढा जावा, असेच मागितले. आज सांजवात लावून देवापुढे हात जोडताना युद्धाने पोळलेल्या अनाम जिवांचे, घर सुटलेल्यांचे, वाट पाहणाऱ्या मातांचे स्मरण आपण करावे. आणि ज्यांच्याविषयी आपल्या मनात अढी आहे, अशा एखाद्या माणसाचेही नाव त्या प्रार्थनेत घ्यावे. शांतीची सुरुवात तेथूनच होते, असे आम्हांस वाटते.